दोन ते चारची पाळी

१

पिंप्राळ्यातली दुकानं दुपारी दोनला निम्मी मिटतात. शटर कमरेपर्यंत खाली येतं. त्याचा अर्थ असा, की ओळखीच्याने वाकून आत यावं आणि बाकीच्यांनी चारनंतर. लीलाधर भारंबे यांचं कॉम्प्युटरचं दुकानही गेली बारा वर्षं असंच निम्मं मिटत आलेलं. पुढे काउंटर, मध्ये फुलाफुलांचा पडदा, पडद्यामागे एक खोली. लीलाधरभाऊ काउंटरवरच डबा खात, बडीशेप तोंडात टाकत आणि स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी काढत. शाळा दहावीपर्यंत. कॉम्प्युटर खोलून खोलून शिकलेला माणूस, पण जळगावचे इंजिनियर अडले की त्यांच्याकडे येत आणि काम होईपर्यंत दोन गोष्टी ऐकूनच जात.

मेच्या वीस तारखेला, मंगळवारी, डबा खाऊन हात पुसता पुसता त्यांनी एक मेल उघडली. 'बेट' नावाचा खेळ कंपनी कायमचा बंद करणार होती. एकतीस मे, आपल्या घड्याळाने दुपारी साडेतीन. त्यानंतर कुणाचंही घर, शेत, विहीर, काही परत मिळणार नाही. इतकी वर्षं प्रेम दिल्याबद्दल आभार.

लीलाधरभाऊंनी मेल दोनदा वाचली. 'बेट'वर त्यांचं स्वतःचं काही नव्हतं. होतं ते कोकिळाबाईंचं, त्यांच्या बायकोचं. ती जाऊन चौदा महिने झाले होते. साड्या बहिणींनी नेल्या, भांडी सुनेकडे पुण्याला गेली. तिच्या हातचं म्हणावं असं जगात एकच शेत उरलं होतं, तेही काचेमागचं. चौदा महिन्यांत त्यांनी ते एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. का पाहिलं नव्हतं ते त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

आता अकरा दिवस राहिले होते.

२

हा धंदा सुरू झाला धुळ्याला, देवपुरात. सुकदेव नावाच्या भल्या माणसाची एक खोली भाड्याने घेऊन लीलाधरभाऊंनी चार मशीन मांडल्या होत्या आणि पोरांना तासावर खेळायला देत होते. मशीनला नंबर नव्हते, नावं होती: दार, पंखा, कोपरा आणि खिडकी. उन्हाळ्यात 'पंखा'साठी मारामारी व्हायची. तेव्हाच्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची आणि पोरं ती काढून खिशात घालायची. म्हणून भाऊंनी सगळ्या गोळ्या एका डब्यात ठेवल्या. आलेल्याने काउंटरवरून गोळी घ्यायची, माउसमध्ये घालायची, वेळ संपली की परत आणून द्यायची. देवपुरातले आज डॉक्टर झालेले लोकही भेटले की विचारतात, भाऊ, गोळ्या शाबूत आहेत ना?

'खिडकी' कोकिळाबाईंची. तिथून रस्ता दिसायचा. पोरं दुपारी घरी गेली, की दोन ते चार त्या तिथे बसायच्या. शेजारी ताकाचं फुलपात्र, वर झाकण म्हणून बशी.

तेव्हाचा खेळ म्हणजे एक तबकडी. घातली की चालली, कुणाला विचारणं नाही. एक तबकडी घ्यावी आणि अख्ख्या देवपुराने खेळावी. पुढे जळगावला आल्यावर तबकड्या गेल्या, खाती आली. भाऊंनी तिथेही तोच हिशेब लावला, एक खातं आणि त्याचाच पासवर्ड घेऊन घरून खेळणारी तीस गिऱ्हाइकं. सगळं सुरळीत चाललेलं असताना 'बेट' आलं. त्या खेळात एकच माणूस, एकच बाई म्हणा ना. डोक्यावर मोठी टोपी, भोवती समुद्र, दुसरं चिटपाखरू नाही. तरी खेळताना नेट सतत चालू पाहिजे. लाइन गेली की बाईचं पाऊल उचललेलं तसंच हवेत. भाऊ वैतागायचे. एकट्याने जेवायला बसायचं आणि प्रत्येक घासाला परदेशात फोन लावून विचारायचं, घेऊ का?

आणि खातं एका वेळी एकाच मशीनवर चाले. दुसऱ्याने उघडलं तर पडद्यावर यायचं: हे खातं अमुक मशीनवर चालू आहे, तिथलं बंद करून इथे सुरू करायचं का? 'हो' दाबलं की तिकडचा बाहेर. गिऱ्हाइकं एकमेकांना बाहेर काढू लागली, दुकानात येऊन भांडू लागली. तेव्हा भाऊंनी धुळ्याच्या पांझरा नदीकाठचा तोडगा काढला. धरणाचं पाणी जसं पाळीने शेतात सोडतात, तशा खेळाच्या पाळ्या लावल्या. प्रत्येकाला स्वतःचं वेगळं शेत आणि ठरलेले तास. सकाळी आठ ते दहा हेमराज, तो महाविद्यालयात शिकवायचा. दहा ते बारा अमका, रात्री तमका. दोन ते चार कोकिळा. कागद काउंटरमागे चिकटवला आणि खाली तिने स्वतः लिहिलं, पाळी मोडणाऱ्याला ताक मिळणार नाही.

ती रावेरकडची, केळीवाल्यांच्या घरातली. 'बेट'वर तिने केळीच लावल्या, पाच बाय पाच फुटांवर, खेळ सहजी लावू देत नव्हता तरी. तिची तक्रार एकच होती. खेळात सगळं सामान एकाच माणसाचं मिळे. एक खाट, एक खुर्ची, एक कप.

"पाहुणा आला म्हंजे काय ओंजळीत चहा द्याचा?" ती म्हणायची.

मग चारला शेताचं फाटक लावून, टोपीवाल्या बाईला घरात नेऊन बसवून, ती मशीन बंद करायची. फुलपात्र टेबलावर ठेवल्याचा हलका आवाज यायचा, खुर्ची सरकायची, आणि पडदा सारून ती चहाचे दोन कप घेऊन बाहेर यायची. वर्षानुवर्षं त्या आवाजानेच भाऊंची डुलकी मोडत आली होती.

३

मेल आली त्याच दुपारी सव्वादोनला त्यांनी काउंटरवरच्या लॅपटॉपवर 'बेट' उघडलं. पासवर्ड बोटांना पाठ होता.

पडद्यावर आलं: हे खातं 'खिडकी' या मशीनवर चालू आहे. तिथलं बंद करून इथे सुरू करायचं का?

भाऊंना पहिल्यांदा हसू आलं. कोण तरी जुनं गिऱ्हाईक अजून फुकट खेळतंय. मशीनचं नाव काय, कुणीही काहीही ठेवतो. त्यांनी 'हो' दाबलं.

शेत समोर आलं आणि ते हसू विरलं. चौदा महिन्यांचं रान असायला हवं होतं. केळी उभ्या होत्या, ओळीत, पाच बाय पाचवर. पाट वाहत होता. विहिरीजवळ टोपीवाली बाई पाठमोरी उभी होती, हातात भरलेली घागर. खेळातला कॅमेरा नेहमी तिच्या मागेच असतो, तोंड कधी दिसत नाही. ओट्यावर तिची एक खुर्ची, एक कप. भाऊ दीड तास नुसते फिरले. कुठल्या ओळीला पाणी कमी पडायचं, कुठे तिने कंपनीच्या नावाने बोटं मोडली होती, सगळं आठवत गेलं. चार वाजता त्यांनी बाईला घरात नेलं, फाटक लावलं, आणि डोळे पुसून शटर वर केलं.

बुधवारी पुन्हा सव्वादोन. पुन्हा 'खिडकी'. पुन्हा 'हो'. या वेळी बाई केळींच्या मधोमध होती आणि घागर पायाशी आडवी पडली होती. माती ओली होती.

४

धंद्यातला माणूस आधी माणसावर संशय घेतो. बुधवारी संध्याकाळी भाऊंनी यादी काढून एकेकाला फोन लावले. हेमराज म्हणाला, भाऊ, मी तर कोविड संपला तसा खेळच सोडला. बाकीच्यांना पासवर्डही आठवत नव्हता. आणि देवपुरातल्या मशीनची नावं त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती.

गुरुवारी त्यांनी सकाळी अकराला उघडून पाहिलं. काही संदेश नाही, थेट शेत. साडेबाराला, तेच. दोनला पाच कमी असताना, तेच. दोन वाजून एक मिनिटाला: हे खातं 'खिडकी' या मशीनवर चालू आहे.

कंपनीच्या कॉम्प्युटरला जुनं वेळापत्रक चिकटून बसलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. अशा गोष्टी होतात. मागे एका वकिलाचा प्रिंटर रोज पहाटे एक कोरा कागद काढायचा, तो भाऊंनीच दुरुस्त केला होता. त्यांनी 'हो' दाबलं.

बाई अंगणात उभी होती. पाठमोरी नव्हती.

टोपीची सावली तिच्या चेहऱ्यावर पडली होती. सावलीच्या खाली काय होतं, ते पाहण्याआधी भाऊंनी लॅपटॉप मिटला.

मग ते बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले, दुकानातल्या फुलाफुलांच्या पडद्याकडे. कारण जे कुणाला सांगितलं नव्हतं ते आता आठवणं भाग होतं. चौदा महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, चाळीसगावहून एक गिऱ्हाईक आलं होतं. मोठी ऑर्डर, परतीच्या गाडीची घाई. नवा लॅपटॉप खेळ कसा चालवतो ते त्याला दाखवायचं होतं. दुपारचे दोन वीस. भाऊंनी 'हो' दाबलं. पडद्यामागून फुलपात्र टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा, न रागावलेला, नुसता दुखावलेला.

"मह्या पाळीत?"

चारला समजूत काढू, असं भाऊंच्या मनात आलं होतं. चारला चहा आला नाही. ते आत गेले तेव्हा ती खुर्चीतच होती, मान टेबलावर. डॉक्टर म्हणाले हृदय, कुणाच्या हातात नसतं. भाऊंनी मान हलवली. आणि महिन्याभरात तिची इथली, पिंप्राळ्यातली मशीन पुसून, धुऊन विकून टाकली. मोकळी मशीन दुकानात ठेवायची नाही, ही त्यांची सवय.

आता या तीन दिवसांत त्यांनी आणखी तीनदा 'हो' दाबलं होतं.

५

शनिवारी ते धुळ्याला गेले. देवपुरात पोचले तेव्हा सव्वादोन झाले होते. जुनी 'खिडकी' तिथेच असणार होती. बारा वर्षांपूर्वी सामान हलवताना गाडी भरली, ती मशीन पुढच्या खेपेला नेऊ म्हणून राहिली आणि पुढची खेप कधी झालीच नाही. वीस वर्षांपूर्वीचा डबा तो. 'बेट' त्यात चालणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन लावण्यासारखं.

सुकदेव आता साठी ओलांडून गेला होता. भाऊंना पाहून त्याने खाट ओढली, पाणी दिलं, कोकिळाअक्कांसाठी हळहळला. खोलीचं नाव काढताच किल्ली घेऊन उठला.

"बठ्ठं बंद शे, भाऊ," तो म्हणाला. "मीटरबी काढी लिधं."

खोलीत वीजच नव्हती, अंधार होता. खिडकीला बाहेरून पत्रा ठोकलेला. मोबाइलच्या उजेडात पोती, मोडका पलंग, आणि टेबलावर ती मशीन, जुना पोटवाला मॉनिटर. वायर गुंडाळून वर ठेवलेली. धूळ सगळीकडे सारखी, खुर्चीवरही, कळफलकावरही. कुणी हात लावलेला नव्हता. भाऊंना बरं वाटलं. आपण आलो ते वेड्यासारखंच आलो, आता सुकदेवकडे दोन घास खाऊन परत जाऊ. धूळ पुसायला म्हणून त्यांनी काचेकडे हात नेला.

मनगटावरचे केस उभे राहिले.

ज्यांनी जुने मॉनिटर हाताळलेत त्यांना हे माहीत आहे. चालू मॉनिटर नुकताच बंद केला, की काच केस ओढते, बारीक चरचरते. भाऊंनी हे हजार वेळा अनुभवलं होतं. त्यांनी तळवा टेकवला. काच कोमट होती. वैशाखात धुळ्यात सगळंच तापतं हे खरं, पण या खोलीत ऊन येत नव्हतं आणि शेजारची भिंत गार होती.

"लई जाय ती मशीन, भाऊ," घेऊन जा म्हणून विनवावं तसं सुकदेव दारातूनच म्हणाला. तो आत आला नव्हता, हे भाऊंच्या आता लक्षात आलं.

"का रे?"

"दुपारले आवाज येस. पेला ठेवाना."

मग त्याने सांगितलं ते असं. दोन ते चारच्या मध्ये कधीतरी पेला ठेवल्यासारखा हलका आवाज येई, गेलं वर्षभर. मांजर असेल म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. पण या आठवड्यात तीनदा जोरात आपटल्याचा आला. बायकोच्या हातून वरणाचं भांडं सुटलं.

भाऊंनी वार विचारले. सुकदेवने बोटांवर मोजले. मंगळवार, बुधवार, गुरुवार.

६

मशीन त्यांनी रिक्षात मांडीवर घेतली, मग बसमध्ये पायांशी, आणि पिंप्राळ्यात पडद्यामागच्या खोलीत, तिच्याच टेबलावर ठेवली. वायर लावली नाही. लावायची गरज वाटली नाही, आणि हा विचार मनात आला तसा त्यांनी झटकला.

मग दुपारी लॅपटॉप उघडणं बंद. ते नुसते स्टुलावर बसत. पहिले तीन दिवस पंख्याखेरीज आवाज नव्हता. चौथ्या दिवशी पडद्यामागून क्लिक ऐकू आली. थांबून दुसरी. ऊन उतरलं की लाकूड तडकतं, पत्रा आकसतो. पण तेव्हा अडीच वाजले होते आणि ऊन ऐन भरात होतं. भाऊ उठले नाहीत. भीती होती, नव्हती असं नाही. पण तिच्याखाली दुसरंही काही होतं. देवपुरात दुपारी असाच आवाज येत असे आणि आपण अर्धवट झोपेत तो ऐकत असू, त्याइतकं सुखाचं पुढे काही मिळालं नाही, असं त्यांना वाटत राहिलं.

तीस तारखेला सकाळी अकराला, म्हणजे तिच्या पाळीबाहेर, त्यांनी 'बेट' उघडलं. फाटकाजवळ शेतकऱ्याने काही लिहावं म्हणून कंपनीने एक पाटी दिलेली होती. पत्राची सवय नसलेल्या माणसासारखं त्यांनी दहा मिनिटं विचार करून लिहिलं: चुकलं माझं. तुझ्या पाळीत आता येणार नाही.

एकतीसला सकाळी पुन्हा पाहिलं. पाटी पुसलेली होती. केळींना पाणी दिलेलं, अंगण झाडलेलं. ओट्यावर खुर्चीजवळ कप होता, आणि त्याला लागून दुसरा कप.

कंपनीने जाता जाता काही सुधारणा केली असेल. भाऊंनी कंपनीची सूचना शोधून वाचली, शेवटपर्यंत. तसं काही नव्हतं.

७

दोनला त्यांनी शटर कमरेपर्यंत ओढलं. डबा खाल्ला नाही. जुन्या डब्यातून एक रबरी गोळी काढली, ताकाने फुलपात्र भरलं, वर बशी ठेवली, आणि पडद्याआड जाऊन दोन्ही टेबलावर मांडलं. मॉनिटरच्या काळ्या काचेत त्यांचा चेहरा दिसत होता. बाजूला खिडकी होती, तिचा उजेड होता. आणखी काही पाहायला ते थांबले नाहीत.

काउंटरवर येऊन त्यांनी लॅपटॉप उघडला. हे खातं 'खिडकी' या मशीनवर चालू आहे. तिथलं बंद करून इथे सुरू करायचं का?

तीस-पस्तीस मिनिटांवर शेवट आला तेव्हा हात नुसता शिवशिवला. एकदा शेत पाहावं. एकदा ती सावलीखालची बाजू पाहावी, जी त्या दिवशी पाहायची हिंमत झाली नाही. आज नाही तर कधीच नाही. पडद्यामागे गोळी टेबलावर घरंगळल्यासारखा बारीक आवाज झाला, मग क्लिक, मग क्लिक. घाईने नाही, शेवटची आवराआवर करावी तशा. भाऊंनी हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. तीन पंचवीसला त्यांनी एक हात सोडवला आणि 'नाही' दाबलं.

साडेतीनला लॅपटॉपवर ओळ आली, सेवा उपलब्ध नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तेच. 'बेट' गेलं होतं. केळी, विहीर, ओटा, सगळं.

क्लिक थांबली.

संपलं, भाऊ मनाशी म्हणाले. छाती हलकी झाली आणि त्याच वेळी दुकान फार मोठं आणि फार रिकामं वाटलं. निदान या वेळी तिला कुणी मध्येच उठवलं नव्हतं.

आणि मग त्यांना कळलं की उठवलं होतं. त्यांनी नाही, पण उठवलं होतं. जिथे ती बसलेली होती ते ठिकाणच आता राहिलं नव्हतं.

पडद्यामागे फुलपात्र टेबलावर टेकलं. आपटलं नाही, हलकेच टेकलं, पाळी संपल्यावर टेकायचं तसं. खुर्ची सरकली. थोडा वेळ काही नाही. मग कपाला कप लागल्याचा आवाज आला. त्या खोलीत चौदा महिन्यांत शेगडी पेटली नव्हती, आणि कप तर एकही उरला नव्हता.

पडद्याची फुलं एका बाजूने किंचित ताणली गेली. खाली, पडद्याच्या काठाखाली, फरशी ओली होत होती.

शटरबाहेर रस्त्यावर ऊन होतं, एक स्कूटर गेली, कुणीतरी भाऊ आहेत का म्हणून वाकून पाहायच्या बेतात होतं. लीलाधरभाऊ उठले. वाकून बाहेर पडायला एक क्षण पुरला असता. त्यांनी शटरचा दांडा धरला आणि ते जमिनीला टेकेपर्यंत खाली ओढलं, आतून.

मग अंधारात चाचपडत दुसरं स्टूल काउंटरजवळ ओढलं. चारला अजून अर्धा तास होता, आणि पाळी तिची होती.